ओळीतला शब्द यंत्राला कसा सापडतो?

'शब्द म्हणजे काय?' असा प्रश्न मराठीच्या तासाला विचारला की विद्यार्थी शाळेत पाठ केलेली व्याख्या सांगतात : ठरावीक क्रमाने आलेल्या अक्षरांच्या समूहास अर्थ प्राप्त झाला म्हणजे त्यास शब्द म्हणावे. व्याख्येत खोट काढण्यासारखे फारसे नाही. पण तिच्यातील 'अर्थ' हा भाग बाजूला काढून ठेवला तर काय उरते? एकापुढे एक मांडलेली चिन्हे तेवढी उरतात. संगणकास मराठी मजकूर दिसतो तो असा. त्याच्यापुढे ज्ञानेश्वरी ठेवा की किराणा दुकानाचे बिल ठेवा, त्याच्या लेखी ती चिन्हांची एक लांबलचक माळ असते. या माळेतून आपणांस हवा तो शब्द त्याने नेमका काढून द्यावा, यासाठी त्याला कोणत्या भाषेत सांगावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

त्या भाषेस रेग्युलर एक्स्प्रेशन असे म्हणतात. मराठीत तिला सर्वमान्य नाव नाही. मी येथे 'साचा' हा साधा शब्द वापरणार आहे. आपण शब्दाचा साचा तयार करून द्यावा, आणि यंत्राने माळेतील जो तुकडा त्या साच्यात बसेल तो दाखवावा, एवढाच हा व्यवहार. हा विषय शास्त्रशाखेच्या इमारतीतला आहे असे समजून कोणी पान उलटू नये. माझ्या मते मराठी व्याकरण ज्याने मन लावून शिकले आहे त्याला हा विषय इतरांपेक्षा लवकर समजेल. त्याचे कारण पुढे येईलच.

मला याची गरज पडली ती अशी. आमच्या विभागातील काही विद्यार्थिनींनी अंबड गाव व शेजारचा सिडकोचा परिसर येथील वयस्कर मंडळींच्या आठवणी लिहून घेतल्या. शेते होती तेथे कारखान्यांच्या शेड कशा आल्या, विहिरींचे काय झाले, बैल कोणी विकले आणि कारखान्याच्या फाटकाशी पहिली रांग कोणी लावली, अशा त्या आठवणी. दोन जाड वह्या भरल्या. मुलींनी तो सारा मजकूर संगणकावर उतरविला आणि मग प्रश्न आला तो अभ्यासाचा. या लोकांनी पाण्याविषयी काय सांगितले? एका मुलीने शोधाच्या चौकटीत 'पाणी' हा शब्द टाकला. निघाली ती अगदी तुरळक ठिकाणे. आता वह्या ज्यांनी वाचल्या होत्या त्यांना पक्के ठाऊक होते की पाण्याचा विषय निघाला नाही अशी एकही मुलाखत नव्हती. मग यंत्राने असे का सांगितले?

यंत्राने खोटे सांगितले नव्हते. लोक 'पाणी' असे थोड्याच वेळा म्हणतात. ते म्हणतात पाण्याला, पाण्यासाठी, पाण्यावरून, पाण्याची. आपण शाळेत ज्यास सामान्यरूप म्हणतो ते येथे आडवे आले. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी 'पाणी'चे 'पाण्या' होते. दीर्घ ईकार जातो आणि त्याच्या जागी हलन्त, य आणि काना येतात. वाचणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. मोल्सवर्थच्या किंवा दाते-कर्वे यांच्या कोशात 'पाण्यात' हा शब्द पाहावयाचा झाला तर आपण आपोआप 'पाणी' उघडतो. मधली व्याकरणाची पायरी मनातल्या मनात चढून जातो. यंत्राला ती पायरी आपण बांधून द्यावी लागते. या ठिकाणी साचा असा होईल :

पा(णी|ण्या)

कंसातील उभी रेघ 'किंवा' असे सांगते. 'पा' आणि त्यानंतर 'णी' किंवा 'ण्या', असा या साच्याचा अर्थ. तो लावताच पाण्याला, पाण्याची, पाणीपट्टी, सारे एकदम पुढे आले. त्याबरोबर चहापाणीही आले, कारण जवळजवळ प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी चहापाणी झाल्याची नोंद मुलींनी इमानाने करून ठेवली होती. साचा सैल केला की नको ते येते आणि आवळला की हवे ते निसटते. या विद्येतील निम्मे कसब या दोहोंच्या मधली जागा शोधण्यात आहे.

या साच्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९४३ साली वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स या दोघांनी मेंदूतील मज्जापेशींच्या जाळ्याचे एक गणिती चित्र मांडले. अशा जाळ्याला कोणकोणत्या घटनांच्या माळा ओळखता येतील, हा प्रश्न स्टीफन क्लेनी या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली हाती घेतला. त्या माळांचे वर्णन करण्यासाठी त्याने जी खुणांची भाषा तयार केली तीच ही रेग्युलर एक्स्प्रेशनची भाषा. त्याचा निबंध १९५६ साली छापून आला. तेव्हा त्यात मजकूर शोधण्याचा काही संबंध नव्हता. तो संबंध केन टॉम्प्सन याने जोडला. १९६८ साली त्याने असा साचा यंत्रास कसा चालवावयास द्यावा याची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स या प्रणालीसाठी 'ग्रेप' नावाचे छोटे साधन तयार केले. ते १९७३ पासून वापरात आहे.

या ग्रेपचा जन्म कलाशाखेच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. टॉम्प्सनचे सहकारी ब्रायन कर्निहन यांनी तो सांगितला आहे. त्याच प्रयोगशाळेतील ली मॅकमेहन याला 'फेडरलिस्ट' निबंधांचा अभ्यास करावयाचा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेचा पुरस्कार करणारे हे पंच्याऐंशी निबंध १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने निघाले. लिहिणारे मात्र तिघे होते, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यांतील काही निबंध नेमके कोणाचे, याविषयी वाद होता. कोणता लेखक कोणता शब्द कितीदा वापरतो हे पाहून तो सोडवता येईल असा विचार होता. पण प्रयोगशाळेतील मजकूर-संपादकाच्या पोटात एवढा मजकूर मावेना. टॉम्प्सनने त्यातील शोधण्याचा भाग तेवढा वेगळा काढून दिला, आणि ते ग्रेप झाले. म्हणजे आज जगातील यच्चयावत प्रोग्रॅमर जे साधन रोज वापरतात ते एका वाङ्मयीन वादासाठी कापून काढलेले आहे. आपल्याकडील अभंगांच्या कर्तृत्वाचे वाद ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

यंत्र साचा कसा चालवते, हेही थोडक्यात पाहू. लहानपणी आपण सर्वांनी ठिकऱ्या खेळलेल्या आहेत. 'अंबड' या साच्यासाठी जमिनीवर चार घरे आखली आहेत असे समजा. अ, अनुस्वार, ब आणि ड. मजकुरातील एकेक चिन्ह पुढे येते. अ आला की आपण पहिल्या घरात उडी मारावयाची, त्यानंतर लगेच अनुस्वार आला तर दुसऱ्या घरात. मध्येच भलते चिन्ह आले की खेळ बाद, पुन्हा आरंभापासून. चौथ्या घरात पोचलो की शब्द सापडला. साच्यात 'किंवा' असेल तर घरांना फाटे फुटतात. तेव्हा टॉम्प्सनच्या रीतीत सर्व फाट्यांवर एकेक खेळाडू एकाच वेळी उभा असतो. त्यामुळे मजकूर कितीही मोठा असला तरी तो एकदाच वाचावा लागतो.

चतुर वाचकाने येथे हटकले असेल : अंबड या शब्दात तर अक्षरे तीन, मग घरे चार कशी? मराठी माणसाने या विद्येत पहिली ठेच खावी अशी ही जागा आहे. देवनागरीत आपण अक्षर म्हणतो ते एक आणि संगणक चिन्ह म्हणून साठवतो ते दुसरे. युनिकोड या जागतिक संहितेत १९९१ पासून देवनागरीला १२८ जागांचा एक सलग पट्टा दिलेला आहे. त्यात स्वर, व्यंजने, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना स्वतंत्र जागा आहेत. जोडाक्षरांना जागा नाहीत. ती घटकांतून जुळवावयाची. त्यामुळे 'स्त्री' हे आपले एक अक्षर यंत्राच्या दृष्टीने सहा चिन्हांचे आहे : स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. साच्याच्या भाषेत नुसते टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. इंग्रजीत टिंब म्हणजे एक अक्षर हे खरे. मराठीत 'स्त्री'साठी सहा टिंबे द्यावी लागतील.

इतर खुणाही आताच सांगून टाकतो. चिन्हापुढे प्रश्नचिन्ह आले तर ते चिन्ह असेल किंवा नसेल. तारा आला तर ते शून्य किंवा कितीही वेळा येईल. चौकोनी कंसात चिन्हांचा गट देता येतो आणि त्या गटातील कोणतेही एक चालते. कंस उघडल्यावर लगेच टोपीसारखी ^ ही खूण दिली तर गटाबाहेरील कोणतेही एक. पाणिनीचे प्रत्याहार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. 'अच्' म्हटले की सर्व स्वर, 'हल्' म्हटले की सर्व व्यंजने. एका लहान नावात वर्णांचा गट बांधून ठेवावयाचा आणि नियम त्या गटाला लावावयाचा. [क-ह] असे लिहिले की क पासून ह पर्यंतची व्यंजने येतात. त्यात ळ देखील येतो, कारण आपल्या वर्णमालेत तो ह नंतर असला तरी संहितेत त्याची जागा ल च्या पुढे आहे. क्ष आणि ज्ञ जोडाक्षरे असल्यामुळे त्यांना वेगळी जागाच नाही.

प्रश्नचिन्हाचा एक सुंदर उपयोग जुन्या पुस्तकांत होतो. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार देत असत. आज कोणी जुना मजकूर उतरवून घेतला आणि त्यात 'नाव' शोधले तर 'नांव' सापडणार नाही. नां?व असा साचा दिला की दोन्ही सापडतात. गोदावरीतून चालणारी नावही सापडेल, पण त्याला इलाज नाही.

आता आपल्या शहराचेच नाव घेऊ. आठवणींच्या त्या वह्यांत नाशिक हे नाव तीन रूपांनी आले आहे. तरुण मंडळी 'नाशिकला' म्हणतात. कित्येक म्हातारी माणसे 'नाशकात' आणि 'नाशकाला' म्हणतात, आणि ते रूप मराठीच्या वळणाचे अस्सल रूप आहे. शिवाय काहींच्या जुन्या कागदांवर 'नासिक' आहे. पांडवलेण्यांतील अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागावर जो दानलेख आहे त्यातही हे नाव सकारानेच येते, आणि तेथेही ते सुटे नसून षष्ठीचा प्रत्यय घेऊनच बसलेले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरानेही आपल्याला शोधण्यासाठी नुसता 'नासिक' ठेवलेला नाही! या तिन्ही रूपांसाठी मी मुलींना असा साचा करून दिला :

ना(शि|सि|श)क

तो चालला, आणि त्याबरोबर पहिल्याच खेपेस यंत्राने द्राक्षबागांवरील कीटकनाशकांच्या फवारण्या आमच्यापुढे आणून ओतल्या. जंतुनाशक आले, तणनाशक आले. 'नाशक' हा तुकडा त्या सर्वांत आहे आणि आपण यंत्राला तुकडाच मागितला होता. (सुदैवाने नुसता 'स' हा चौथा पर्याय दिला नव्हता, नाहीतर चाळीतील नासके कांदेही आले असते.) असे तुकडे मराठीत पावलोपावली आहेत. 'वन' शोधले तर जीवन येते, भवन येते आणि आमच्याकडचे पवननगरही येते. 'मूल' आणि 'मुला' यांसाठी (मू|मु)ल असा साचा दिला तर मूलभूत येते, आणि आमच्या वह्यांत तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'मुलाखत' होती!

तेव्हा शब्दाचा आरंभ व शेवट यंत्रास सांगणे भाग पडते. इंग्रजीसाठी यावर सोपा तोडगा आहे. उलटी तिरकी रेघ आणि पुढे इंग्रजी 'बी' हे अक्षर लिहिले की 'येथे शब्दाची कड आहे' असा त्याचा अर्थ होतो. पण कड कशी ओळखावयाची? शब्दात येणारे चिन्ह आणि न येणारे चिन्ह जेथे शेजारी येतात तेथे कड. आणि शब्दात येणारी चिन्हे कोणती, हे ज्याने त्याने आपल्या परीने ठरवून ठेवले आहे. जावास्क्रिप्ट या भाषेत ती फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेखा. तिच्या लेखी देवनागरीतील एकही चिन्ह शब्दात बसत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी कड लावून 'नाक' शोधले तर साऱ्या मराठी मजकुरात कोणालाही नाक नाही असे उत्तर येते. पायथन या भाषेतील नेहमीचे शोधसाधन त्याहून उदार आहे. ते आपले स्वर व व्यंजने शब्दात धरते. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त मात्र धरीत नाही. परिणाम असा की 'नाका' या शब्दातील क आणि त्याचा काना यांच्यामध्ये त्याला कड दिसते, आणि 'मुंबई नाका' लिहिलेल्या प्रत्येक ओळीत त्याला नाक सापडते. मात्रा व्यंजनाला चिकटलेली असते हे पहिलीतल्या मुलाला कळते. ही साधने रचणाऱ्यांना ते कळले नाही असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे देवनागरी नव्हती, इतकेच.

युनिकोड संस्थेने या बाबतीत जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे त्यात मात्रांनाही शब्दाचा भाग मानावे असे स्पष्ट सांगितले आहे, आणि काही साधने ते पाळतात. जेथे पाळले जात नाही तेथे कड आपण हाताने बांधावी. नुसती मोकळी जागा मागून भागत नाही. 'पुणे-नाशिक' यात नाशिकपूर्वी जोडरेघ आहे आणि कंसात लिहिलेल्या नाशिकपूर्वी कंस. म्हणून 'या शब्दाच्या अलीकडे देवनागरीच्या पट्ट्यातील कोणतेही चिन्ह नसावे' अशी अट घालावी. पलीकडची कड मात्र मराठीत बंद करावयाची नाही. ती बंद केली की नाशिकला, नाशिकचा, नाशिकहून हे सारे बाहेर राहतात. इंग्रजीत शब्द दोन्ही बाजूंनी बंद. आपला शब्द डावीकडून बंद आणि उजवीकडून उघडा. अंबडसाठी उजवीकडे प्रत्यय मोजून लिहावयाचे झाले तर

अंबड(ला|चा|ची|चे|च्या|हून|मध्ये|गाव)?

असा साचा होतो. तो वाढवीत नेता येईल. शब्दयोगी अव्ययांची यादी लांब आहे.

खरे पाहता शब्दाच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडण्याची चाल आपल्या दैनंदिन लेखनात फार जुनी नाही. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहीत जाई. वाचणारा अर्थाच्या आधाराने शब्द सुटे करी. ज्याला अर्थ कळत नाही त्याला मोडी वाचता येत नाही ते यासाठी, आणि आपले यंत्र नेमके त्याच कोटीतले आहे.

आतापर्यंत सांगितले ते अभ्यासाच्या सोयीगैरसोयीचे झाले. परंतु शोध चुकला म्हणजे केवळ निबंध चुकतो असे नाही. आमच्या गल्लीत एक आजी राहतात. त्यांच्या आडनावात 'ऱ्ह' आहे; आपण येथे 'कुऱ्हाडे' धरून चालू. एका योजनेच्या यादीत आपले नाव असावे असे त्यांना कोणी सांगितले होते. त्या संबंधित कार्यालयात दोनदा गेल्या. दोन्ही वेळा तेथील माणसाने आडनाव संगणकावर टाकले, आणि 'यादीत नाव नाही, आजी' असे सांगून त्यांना परत पाठविले. अंबडहून रिक्षाचे भाडे, अर्धा दिवस आणि गुडघेदुखी, हा त्या 'नाही'चा खर्च. पुढे त्यांच्या नातवाने ती यादी मोबाइलवर मिळवली आणि माझ्याकडे आणली.

'कुऱ्हाडे' हा शब्द संगणकावर एकाहून अधिक प्रकारांनी लिहिला जातो आणि पडद्यावर ते सारे प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. आपला हा अर्धा 'ऱ' स्वतंत्र चिन्ह म्हणून घेता येतो. मग पुढे हलन्त आणि ह. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह येते. त्याला रुंदी नसते. 'येथे रफार करू नका' एवढे सांगण्यापुरते ते असते. तिसऱ्या प्रकारात र खाली नुक्ता दिलेला असतो. पहिल्यात चिन्हे आठ, उरलेल्या दोहोंत नऊ. शिवाय घाईत कोणी साधेच टंकलिखित केले तर 'कुर्हाडे' असा रफार उमटतो. तो निदान दिसतो तरी. कार्यालयातील माणसाने एका प्रकाराने शब्द टाकला होता आणि यादी दुसऱ्या प्रकाराने तयार झाली होती. पहिला व तिसरा प्रकार एकच मानावेत असा संहितेचा नियम आहे, पण तो पाळण्यासाठी मजकूर आधी एकरूप करून घ्यावा लागतो. आणि दुसऱ्याला तर तोही नियम लागू पडत नाही.

अशा वेळी ज्याविषयी शंका आहे तो भाग साच्यात मोकळा ठेवावा. प्रथम सुचते ते कु.*डे, म्हणजे कु, मग काहीही, मग डे. पण तारा हा मोठा अधाशी असतो. तो जेवढे गिळता येईल तेवढे गिळतो, आणि एखाद्या कुसुमच्या 'कु' पासून त्याच ओळीतील शेवटच्या गाड्यांच्या 'डे' पर्यंत सारी ओळ उचलून आणतो. म्हणून 'काहीही'च्या जागी 'मोकळी जागा सोडून काहीही' असे म्हणावयाचे :

कु[^ ]*हाडे

या साच्याने आजींचे नाव यादीत मिळाले. ते पहिल्यापासून तेथे होतेच. पानाचा क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून दिला. तिसऱ्या खेपेस त्यांनी संगणकावर शोधू दिले नाही. तो क्रमांकच पुढे केला.

हीच गत 'ॲ' या अक्षराची. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमचे काम करणारे कारखाने असल्यामुळे हा शब्द येथल्या कागदांत फार येतो. या ॲ ला संहितेत स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. तोपर्यंत लोक अ काढून त्यावर चंद्र देत, कोणी दोहोंच्या मध्ये ते न दिसणारे चिन्ह घालीत, तर कोणी सरळ 'ऍ' घेत. आजही चारही प्रकार चालू आहेत आणि एकरूप करण्याच्या नियमात ते एक होत नाहीत. साच्यात चारही लिहावे लागतात :

(ॲ|ऍ|अॅ|अ‍ॅ)ल्युमिनि(यम|अम)

शेवटचा कंस उच्चाराच्या भेदासाठी. त्याहून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत तयार झालेल्या फायलींविषयी न बोललेलेच बरे. त्या उघडल्या की वर मराठी दिसते आणि पोटात इंग्रजी अक्षरांची गिचमीड असते. तेथे मराठी साचा लावून काहीच हाती येत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा, मगच शोधावा.

ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांना प्रोग्रॅमिंग शिकण्याची आवश्यकता नाही. लिबरऑफिस हे मोफत मिळते. त्यातील शोधा-आणि-बदला या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय आहे; तेथे खूण करून वरीलपैकी कोणताही साचा टाकावा. आपल्याच निबंधातील एखादे पान घ्यावे आणि 'घर' शोधावे. घरा, घरी, घरचा हे सारे मिळतील, घरटेही मिळेल. पण 'घरे' मोजताना 'घरेलू' वेगळे काढावे लागेल.

अंबड या साच्याचे काम मात्र आमच्या वह्यांत एका जागी अडले. एका आजोबांची बहीण अंबडला दिली होती आणि ते स्वतः अंबडला राहत होते. बहिणीचे अंबड जालना जिल्ह्यातले, मत्स्योदरी देवीचे. आजोबांचे अंबड आपले. चिन्हे तीच चार, क्रम तोच, प्रत्ययही तोच. ज्या ओळीत (जालना|मत्स्योदरी) सापडेल ती एका बाजूस आणि जीत (सिडको|सातपूर|पाथर्डी) सापडेल ती दुसऱ्या बाजूस, असे दोन साचे लावून मुलींनी बऱ्याच ओळी वेगळ्या केल्या. ज्या ओळींत यांपैकी काहीच नव्हते त्या कागदावर उतरवून घेतल्या, आणि एका दुपारी त्या आजोबांकडे जाऊन एकेक वाचून दाखविल्या.